पाओराच्या पेशी

मारामाच्या नवऱ्याला, पाओराला, जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी त्याला दर दोन दिवसांनी ती खाऊ घालत होती. खोटं नाही सांगत. हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेत पाओराच्या आतड्यातल्या गाठीच्या पेशी बाटल्यांमध्ये वाढत होत्या, आणि त्यांना ताजं लाल पोषक पाणी घालायचं काम तिचंच होतं.

गाठ काढली तेव्हा पाओराच म्हणाला होता, "या पाहुण्याला फुकट पोसू नका, कामाला जुंपा मेल्याला! पण काम झालं की माझं मला परत द्या." आमच्या जमातीत गेलेल्या माणसाचा कणसुद्धा मातीबाहेर ठेवत नाहीत. प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टर मॅकायांनी कबूल केलं. दर वेळी बाटल्यांना हात लावण्याआधी प्रार्थना व्हायची.

प्रयोग तसा साधा. एक बाटली मायक्रोवेव्हच्या लहरींखाली, दुसरी तशाच पेटीत, पण लहरी बंद ठेवून. मग रंग घालून बघायचं, पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण किती आला, म्हणजे आतून किती गंज चढला. ताण जितका जास्त, तितका हिरवा उजेड जास्त. लहरींखालची बाटली हिरवी पेटली की मारामाला सूड उगवल्यासारखं बरं वाटायचं, आणि लगेच ती त्याच बाटलीवर हलकेच हात ठेवायची. काय करणार बिचारी! ज्या पेशींनी नवरा खाल्ला, त्याच तेवढ्या त्याच्या जिवंत उरल्या होत्या.

प्रयोग आटोपले. वर्ष भरलं की थडग्यावरच्या दगडाचं कापड काढतात, तो दिवस ठरला आणि पाओराची पेती आत्या काफिया गावाहून थेट प्रयोगशाळेत येऊन धडकली. आईमागे पाओराला तिनेच वाढवलेलं.

"चल गं, पोराला घरी न्यायचंय."

"आत्याबाई, जिवंत नाही नेता येत. आधी मारावं लागतं."

"मग मार की."

मारामा जागची हलेना. मॅकाय हळूच म्हणाले, "आत्या हो म्हणाल्या, तर गोठवलेल्यांतली एक कुपी ठेवून देऊ. वर्षानुवर्षं टिकेल."

आत्या उसळली. "माझं पोर गिळणाऱ्या सापाला दूध पाजत बसलीस होय गं?"

"साप तर साप!" मारामा रडत ओरडली. "त्याचाच आहे ना? बाकीचा सगळा तुम्ही पुरलात. माझ्याकडे एवढाच आहे!"

आत्या सूक्ष्मदर्शकाकडे बोट करून म्हणाली, "दाखव." एक डोळा मिटून ती बराच वेळ बघत राहिली.

"अगं बाई, पाय ठेवायला जागा नाही कुठे! किती या!" मग तिचा आवाज खाली आला. "पोरी, यांना तो आठवतसुद्धा नाही गं. आणि तो तिकडे मातीत अर्धामुर्धा पडलाय."

मारामाने स्वतःच्या हाताने एकेका बाटलीत पेशी मारणारं फॉर्मालिन ओतलं. आत्या प्रार्थना म्हणत होती. सगळ्या बाटल्या विणलेल्या टोपलीत गेल्या, गोठवलेल्या कुप्याही वितळवून, तेच ओतून. एकही मागे राहिली नाही.

दाराशी पाण्याचं भांडं ठेवलं होतं. मेलेल्यापाशी जाऊन आलेल्याने हात धुवायचे, पाणी अंगावर शिंपडायचं, की सुतक फिटलं. आत्याने धुतले, मॅकायांनी धुतले.

"धू गं आता."

मारामाने हात पाठीमागे लपवले.

"जरा थांबा ना आत्याबाई," ती म्हणाली. "धुतले की संपलंच की सगळं."

आत्या टोपली मांडीवर घेऊन तिची वाट बघत पायरीवर बसून राहिली.