माझ्या वाटची दहा हजार पावलं

आमच्या घरात स्तनाचा कॅन्सर पिढीजात आहे. पदवी मात्र माझ्यापासून सुरू झाली.

आई गेली तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. तिने गाठ आठ महिने लपवली. का, तर 'पोरीची परीक्षा होऊ दे'. परीक्षा झाली, त्र्याऐंशी टक्के पडले, आप्पांनी पेढे आणले, आणि ते आईच्या उशाशी तसेच राहिले. मग गेल्या वर्षी ताईला कॅन्सर निघाला, चौतिसाव्या वर्षी. तिचे उपचार सुरू झाल्यावर सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी मलाही समोर बसवलं.

"वय?"

"अठ्ठावीस."

"आई गेली, बहीण आजारी. तुम्ही कशाची वाट बघताय?"

(पुण्यात याला धीर देणं म्हणतात.)

त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. घरात हा आजार असलेल्या माझ्यासारख्या तरुण मुलींसाठीच ते केलेलं होतं. रोज दहा हजार पावलं चालायचं, भाज्या-फळं खायची, गोड खाल्लं तर नोंदवून एक गुण घालवायचा, वेळेवर झोपायचं, आणि महिन्यातून एकदा आपली स्तनतपासणी आपण करायची. जे जे केलं त्यापुढे हिरवी खूण करायची. पावलं मोजायला मनगटावर एक पट्टा. सगळं पाळलं की पडद्यावरचं झाड वाढणार, नाही पाळलं की वाळणार!

आता मी तालुक्याच्या शाळेत शिकलेली. त्या शाळेचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण तिथे मी एकच विद्या पक्की शिकले : पूर्ण गुण मिळवायचे. आप्पा त्याच शाळेत शिपाई होते. तीस वर्षं घंटा त्यांच्या हातात होती. म्हणजे नियम पाळणाऱ्यांचंच आमचं घर. ॲपला आम्ही भारीच पडायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? धायरीहून दोन बस बदलून मी हडपसरच्या कंपनीत दुपारच्या पाळीला जाते आणि दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकते. दिवसाची पावलं भरली एकोणीसशे, त्यातली चारशे चहाच्या मशीनपर्यंतची. आठवड्यात झाड पिवळं पडलं. आप्पांनी ते पाहिलं.

"हे वाळाय का लागलं गं?"

"मी चालत नाही म्हणून."

"समदं वाळलं की काय हुतं?"

"काही होत नाही हो आप्पा. नुसतं चित्र आहे."

आप्पांनी मोबाइल उलटा ठेवला. 'काही होत नाही' हे वाक्य त्यांनी याआधी आईच्या तोंडून आठ महिने ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात चमत्कार! झाड हिरवंगार. पावलं अकरा हजार. मी विचार केला, बसमध्ये उभ्याने खाल्लेले धक्केही पट्टा मोजत असणार. (पदवीधर माणूस स्वतःला काहीही पटवून देऊ शकतो.) पट्टा मी रात्री काढून ठेवायची. सकाळी आठला उठले की आप्पा तो हातात आणून द्यायचे, "चार्जिंगला लावला हुता." केवढी ही काळजी, म्हणून मला भरून यायचं!

ताईचा फोन यायचा. "कसं आहे गं तुझं झाड?"

"फुलं आलीत, ताई!"

"वा! इथे माझ्या डोक्यावर एक केस नाही, आणि हिला फुलं."

चौथ्या महिन्यात मात्र ॲप बिघडलं. 'तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. डॉक्टरांना भेटा.' एकदा नाही, लागोपाठ तीन दिवस, आणि तेही पहाटे सहाला!

"झोपेत कुणाच्या प्रेमात पडतेस?" ताई म्हणाली. घाबरून मी आप्पांना घेऊन सदाशिव पेठ गाठली. हृदयाचा आलेख काढला. सरळ, सुरेख, शाळेतल्या फळ्यावर काढावा तसा.

डॉक्टरीणबाईंनी मोबाइल हातात घेतला. "पहाटे सहाला कुठे असता?"

"झोपेत."

"झोपेत सहा किलोमीटर? अहो, मी जागेपणीही एवढं चालत नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावरून आप्पा उठले आणि हात जोडून उभे राहिले. "म्याडम, चूक माजी हाय. पट्टा मी घालत हुतो."

"तुम्ही? का?"

"ही पोर घरचं पाणी भरून शाळंला यायची. उशीर व्हायचा. मी घंटा दोन मिण्टं थांबवायचो. तवा चाललं. म्हटलं, हेबी चालंल."

बाई उठल्या. त्यांनी आप्पांना त्याच टेबलावर झोपवलं आणि त्याच वायरी लावल्या. आप्पांचा आलेख फळ्यावरचा नव्हता. चालत्या एसटीत बसून काढल्यासारखा होता.

"यांना आजच दाखल करा," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि ही चार महिन्यांची स्तनतपासणी? तीही वडिलांनीच केली का?"

"नाही. ती मी केली."

"कशी केली?"

"खूण केली."

"मी तपासणी विचारतेय."

आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांनी निदान पावलं तरी खरी टाकली होती! मी तर नुसताच कागद भरला होता. दर महिन्याला हात तिथपर्यंत जायचा, आईची उशी आठवायची, आणि तोच हात मोबाइल उचलून हिरवी खूण करायचा. पूर्ण गुण!

बाईंनी पडदा ओढला आणि स्वतः तपासलं. डाव्या बाजूला त्यांची बोटं थांबली.

"ही कधीपासून आहे?"

मला माहीत नव्हतं. जगात फक्त मलाच माहीत असू शकलं असतं, आणि मलाच माहीत नव्हतं.

गाठीचा तुकडा तपासायला गेला. अहवालाला पाच दिवस. ते पाच दिवस आप्पा दवाखान्याच्या खाटेवर वायरींमध्ये, मी शेजारी स्टुलावर. डोक्याला रुमाल बांधून डबा घेऊन यायची ती ताई! "घरात आता धडधाकट मी एकटीच," असं म्हणत ती आम्हाला दमात घेऊन जेवायला लावायची, आणि बाहेर जाऊन रडायची. चालायला कुणीच नव्हतं. झाड आमच्या डोळ्यांसमोर वाळलं. आप्पा मोबाइल हातात धरून बघत राहिले.

"वाळू दे," ते म्हणाले. "ही घंटा काय माज्या हातात न्हाय."

सहाव्या दिवशी अहवाल आला. गाठ साधी निघाली. या वेळची. दर सहा महिन्यांनी यायचं, असं बाईंनी बजावलं. आप्पांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या आणि पट्ट्याला हात लावायची बंदी झाली.

आता मी माझी मी चालते. चार हजारांवर पावलं जात नाहीत. तपासणीही करते. दहा मिनिटांच्या कामाला मला अर्धा तास लागतो, कारण शंका आली की मी पहिल्यापासून सुरू करते. खूण त्यानंतर. महिनाअखेर ॲपने निकाल लावला : 'शंभरपैकी अडतीस. प्रयत्न वाढवा.' वाळक्या खोडाला एक पान.

आयुष्यात पहिल्यांदाच इतके कमी गुण पडले. आप्पांनी पेढे आणले! एक पुडा थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर.

"कशाबद्दल?"

"पोरगी नापास झाली, म्याडम!"

बाईंनी एक पेढा उचलला. मीही एक तोंडात टाकला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नोंद केलीत का?"

मी तिथेच मोबाइल काढून प्रामाणिकपणे नोंद केली. सदतीस झाले.