काचेला चिकटलेली आई

तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढलेल्या मावशी पुरानंतर लोकांचे भिजलेले फोटो वाचवत होत्या. पुरात आई गमावलेल्या प्लंबरने तिचा एकमेव फोटो आणला. तो फ्रेमच्या काचेला घट्ट चिकटला होता. मावशींनी तो काचेसकट थंड पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला.

"अहो मावशी, पाण्यानेच नेली तिला! परत पाण्यात?"

"तू नळ दुरुस्त करताना मी शिकवते का? गप बस."

तासाभराने एक कोपरा सुटला. श्वास रोखून मावशी बोटाने पाणी आत लोटत राहिल्या. कपाळ सुटलं, नाक सुटलं, मग अख्खं हसू!

"आली रे! आली तुझी आई!" मावशी ओरडल्या.

प्लंबरने ओल्या फरशीवरच फतकल मारली. "मावशी, तुटका दातसुद्धा आलाय हो!"