आत्याचं क्नाइफ

आमच्या आत्याने उभा जन्म एका कारखान्यात शिलाई मशीनवर गणवेशांच्या खिशांवर नावं भरण्यात घालवला. चिठ्ठीवरची इंग्रजी अक्षरं ती चित्रासारखी बघून दोऱ्याने उतरवायची. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तशी तिची नजर कारखान्यातल्या काउंटरवर गेली. तिथे खुर्ची होती, पायडल नव्हतं. पण गिऱ्हाइकाने सांगितलेलं नाव ऐकून इंग्रजीत लिहावं लागे. मालक म्हणाले, "परीक्षा घेईन. जमलं तर बसा."

मी तेव्हा शिकायला आत्याकडेच राहत होते. मी शिकवते म्हटलं, तर म्हणाली, "नको गं, तुझ्यापुढे लाज वाटते." तिने गुरू केलं धाकट्या जावेला. ती शाळा शिकलेली, कारखान्यात शेजारच्याच मशीनवर. रोज भाजी निवडताना स्वयंपाकघरात शिकवणी चाले.

स्पेलिंगमधल्या मुक्या अक्षरांवर आत्याचा भारी राग. "बोलायचं नाही, तर मध्ये बसायचं कशाला? फुकटे मेले!" मग तिने युक्ती काढली. एकेकाला बोलायलाच लावायचं. क्नाइफ. लिस्टन. वेडनेसडे. डोळे मिटून, मान डोलवत म्हणायची. मी पाणी प्यायला आत गेले की लगेच गप्प.

परीक्षेच्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून मालकांपुढे उभी राहिली. ते पहिला शब्द सांगायच्या आधीच म्हणाले, "आधी ते क्नाइफ होऊन जाऊ द्या. मान डोलवून हं!"

मागे सगळी मशीनं थांबलेली. तोंडावर हात धरून बायका हसत होत्या. आत्याने वळून पाहिलं. धाकटी सुईत दोरा ओवत होती, ओवलेलाच दोरा पुन्हा.

आत्याला त्या दिवशी एक शब्द धड लिहिता आला नाही. खुर्ची धाकटीला मिळाली. मला विचाराल तर केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच.

संध्याकाळी धाकटी परात घेऊन नेहमीसारखी शेजारी बसली. "ताई, गंमत म्हणून बोलले हो मी. खुर्ची काही मागितली नव्हती."

आत्याने हातातली शेंग सोलून परातीत टाकली. मग म्हणाली, "खुर्ची तुला लखलाभ. हसलात, तेही जाऊ दे. पण अख्ख्या जगात तुझ्या एकटीपुढे मला चुकायची लाज वाटत नव्हती गं. आता मी कुणापुढे चुकू?"