दिवस मोजणाऱ्या हमीदा सिस्टर

हमीदा सिस्टरांची आणि माझी ओळख झाली त्याला आता बारा वर्षे झाली. डॉक्टरकीची पदवी घेऊन मी पनवेलच्या एका लहानशा प्रसूतिगृहात रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, "मॅडम, काही खाल्लंत का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी पुढे केली. तेव्हा त्यांची तिथे वीस वर्षे झाली होती आणि माझी वीस मिनिटे.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांना पाळीची तारीख आठवत नसे. मी चिडत असे. सिस्टर मात्र शांतपणे जवळ बसत. मुसलमान बाईला विचारीत, "रमजानात तुझे कुठले रोजे सुटले?" आगरी बाईला विचारीत, "गौरी आल्या तेव्हा पूजेत होतीस की बाहेर बसलेली?" मग त्यावरून पाळीची तारीख धरून, पोटावर हात ठेवून, टेप लावून, बोटांवर मोजून त्या महिने सांगत. मला ते जुनाट वाटे.

आज ज्या प्रसंगाविषयी लिहायचे आहे तो माझ्या कर्तृत्वाचा नाही. गव्हाणची एक बाई, तिला आपण वंदना म्हणू, मे महिन्याच्या सुरुवातीला पहिल्यांदा तपासायला आली. घरचे मिठागर, नवरा न्हावा शेवा बंदरात ट्रेलरवर चालक. मिठाचा हंगाम सोडून तिला आधी येता आले नव्हते. लग्नाला सात वर्षे झाली होती आणि हे पहिलेच मूल. सोनोग्राफीत तीस आठवडे आले. मी कार्डावर जुलैच्या मध्याची तारीख लिहिली.

सिस्टरांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "गवरी आल्या तवा मी बाहेर बसलेली. सासूनं सगला नैवेद्य एकटीनं केला. त्याच्यानंतर काय आलीच नाय."

सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, हिचे चौतीस आठवडे झालेत. बाळ लहान आहे, दिवस कमी नाहीत."

"सिस्टर, रिपोर्ट समोर आहे ना?" मी म्हणाले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वंदना पुन्हा आली, तेव्हाही त्यांनी मला अडवले. "दिवस भरलेत हिचे. मोठ्या मॅडमना एकदा दाखवू या." मोठ्या मॅडम म्हणजे प्रसूतिगृहाच्या मुख्य डॉक्टर. मी चार आठवडे बाकी आहेत असे सांगून तिला घरी पाठवले. इतक्या उशिरा केलेल्या सोनोग्राफीवरून दिवस ठरवताना तीन-चार आठवड्यांची चूक होऊ शकते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पण एका सिस्टरचे ऐकून तारीख बदलायची, हे माझ्या अहंकाराला पटले नाही.

आठ दिवसांनी ती आली ती बाळ हलत नाही म्हणून. ठोके लागले नाहीत. मुलगा झाला. नखे बोटांच्या पुढे वाढलेली, कातडी सुकून सुटत चाललेली. दिवस उलटून गेल्याचे कुणालाही कळले असते.

सिस्टरांनी त्याला कोमट पाण्याने पुसले, पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि आईच्या कुशीत दिले. गेलेले मूल तेव्हा असे कुणी आईकडे देत नसे. वंदनाने त्याची बोटे एकेक करून पाहिली आणि विचारले, "किती म्हयन्यांचा व्हता?"

मी म्हणाले, "पूर्ण. पूर्ण दिवसांचा होता."

दाराशी उभी असलेली सासू म्हणाली, "मंग आमाला घरी कशाला धाडलं?"

सिस्टर पुढे झाल्या. "चूक आमची झाली," त्या म्हणाल्या. 'आमची' म्हणाल्या. त्यांची तर काहीच नव्हती.

मी नोकरी सोडायला निघाले. सिस्टर रागावल्या नाहीत की त्यांनी समजूतही घातली नाही. दोन आठवड्यांनी मला रिक्षात घालून गव्हाणला घेऊन गेल्या. सासूने पाणी दिले. वंदना भिंतीकडे तोंड करून पडलेली होती, ती उठली नाही. मी माफी मागितली, ती तिने ऐकली की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानंतर सिस्टर वर्षभर दर महिन्याला तिथे एकट्या जात राहिल्या.

तीन वर्षांनी वंदनाला पुन्हा दिवस राहिले. ती आमच्याकडे आली नाही, उरणच्या दवाखान्यात नाव घातले. पण पहिला फोन तिने सिस्टरांना केला. "सिस्टर, माजे दिवस तुमीच मोजा." त्यांनी मोजले. मुलगी झाली, सुखरूप. बारशाला सिस्टर गेल्या. मला बोलावणे नव्हते आणि ते योग्यच होते.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी सिस्टरांची परवानगी घ्यायला सुकापूरला त्यांच्या घरी गेले. गुडघे दुखतात म्हणून त्या पलंगावर बसून होत्या. सगळे ऐकून घेतले, डोळे पुसले. म्हणाल्या, "लिहा. तिचं नाव लिहू नका. आणि मॅडम, माझी तारीफ कमी करा, त्या बाळाचं जरा जास्त लिहा. त्याचं कुणी काही लिहिलं नाही."

सिस्टर, लिहिले. तेव्हा तुमचे ऐकले नाही, ही माझी चूक आज सगळ्या वाचकांसमोर कबूल करते. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, हात असेच स्थिर राहोत, आणि अल्लाह तुम्हाला इतके आयुष्य देवो की ते मोजायचे तुमच्याही मनात येऊ नये.