डोंगरवाल्यांची गोष्ट

आक्का मंगळवारी गेली. सकाळी तिनं चहा घेतला, शेळ्यांना पाला टाकला का विचारलं आणि उशीला डोकं टेकलं.

ती माझी थोरली बहीण. तिनं शेळ्या राखल्या म्हणून मी शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले. मी निवृत्त झाल्यावर येरमाळ्याच्या घरात आम्ही दोघीच होतो. गेल्या वर्षी बार्शीच्या डॉक्टरांनी तिचं हृदय थकल्याचं सांगितलं. शेळ्यांमागं जाणं बंद झालं आणि दुपारी तिला करमेना. मी तेव्हा एक इंग्रजी कादंबरी वाचत होते. तिच्यात राक्षसच नायक होते आणि माणसं त्यांच्या डोंगरावर चालून येत होती. मी एक पान वाचायचे आणि आमच्या बोलीत तिला सांगायचे.

सुरुवातीला मला शंका होती. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणारी ही बाई राक्षसांची बाजू कशी घेईल?

"त्यात काय?" ती म्हणाली. "देवीनं म्हैसासुर मारला. अन् त्योच बांधावरचा म्हसोबा, त्यालाबी आपण निवद दाखवतोच की. त्यांचं भांडण त्यांच्यापाशी."

मग तिचे प्रश्न सुरू झाले. डोंगरावर पाणी कुठनं येतं, जनावरं किती, पोरी कुठं देतात. लेखकानं यातलं फारसं लिहिलं नव्हतं, मी जुळवून सांगायचे. नायिका सात हात उंच, खालच्या जबड्यातून दोन सुळे वर आलेले.

"सून म्हणून आणायची म्हणलं तर दार उंच करावं लागंल," आक्का म्हणाली.

काही दिवसांनी तिनं मलाच दटावलं, "राकीस राकीस काय लावलंस? डोंगरवाले म्हण."

शेवटचं प्रकरण मी आधी एकटीनं वाचलं. पोरांना पळायला वेळ मिळावा म्हणून नायिका खिंड अडवून धरते आणि तिथंच मरते. आक्काला तेव्हा जेवण जात नव्हतं, पायांवर सूज होती. तिला हे ऐकवायचं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, माणसं हरून परतली, नायिका घरी आली, संपलं.

आक्कानं पुस्तक मागितलं. तिला वाचता येत नव्हतं. माझी खूण होती तिथून पुढची पानं तिनं अंगठ्यानं चाळली.

"एवढी पानं कोरी हायत व्हय?"

मी पुस्तक परत घ्यायला हात पुढं केला, तिनं दिलं नाही.

"मेली न्हवं ती?"

"हो."

"मग फसवतीस कशाला, मास्तरीणबाई? म्या काय लेकरू हाय? वाच."

मी वाचलं. मध्येच मी वाचायची थांबले, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. नायिका पडली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "पोरं पल्याड गेली का?"

"गेली. सगळी."

"मग झालं की."

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाली, "उद्या दुसरं काढ. पर शेवट जुळवून सांगायचा न्हाय."

दुसरं पुस्तक दलदलीतल्या राक्षसांचं होतं. आक्कानं त्यांची वस्ती परंड्याकडं, सीना नदीच्या काठाला ठरवून टाकली. त्याचे तीन महिने आम्हाला मिळाले आणि ते चांगले गेले. डॉक्टर काय म्हणाले हेही मी तिला सांगायला लागले, पुस्तकासारखंच, काही न जुळवता. ती ऐकायची आणि म्हणायची, "बरं, आता पुढचं पान."

आता घरात मी आहे, आणि ते पुस्तक अर्ध्यावर आहे. दुपारी मी त्यातलं एक पान वाचते.