समारूच्या डाव्या बाजूला

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच, आणि पलीकडून त्याची मुलगी म्हणत होती, "काका, पापा नहीं रहे... आज सुबह." तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदीतच, आमच्या रायपुरातल्या बहुतेक मराठी घरांत आता असंच आहे. मी विचारलं, "कितने बजे ले जाएँगे?" तिने वेळ सांगितली. फोन ठेवला, उरलेला गाल उरकला, चहा घेतला. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांचा दोस्त गेला. काहीतरी वाटू द्या." मी म्हटलं, "त्याच्यासाठी वाटायचं ते केव्हाच वाटून झालं." हे बोलणं तिला आवडलं नाही. आता मलाही आवडत नाही, पण तेव्हा तेच तोंडात आलं.

स्मशानात मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. कुणीतरी चार शब्द बोललं, त्यात 'लोककलांचा सच्चा सेवक' असं काहीसं होतं, आणि मी पायातल्या चपलेकडे बघत राहिलो. पुढच्या आठवड्यात या पुरवणीकडून निरोप आला की तुम्ही त्यांचे जिवलग, तुम्हीच लिहा. नाही म्हणणार होतो. मग वाटलं, बाकीचे सगळे गोडच लिहितील, तर मी जे आहे ते लिहावं.

दिवाकर पुरानी बस्तीतला. त्याचं घराणं मराठ्यांच्या राजवटीत इकडे आलेलं, आणि हे तो विसरू द्यायचा नाही. माझे वडील वऱ्हाडातून रेल्वेच्या नोकरीपायी आले, म्हणून मी त्याच्या लेखी कायमचा पाहुणा. "तुम्ही कालचे पोट्टे," असं म्हणून तो हसायचा. तो पाटबंधारे खात्यात बाबू, मी रेल्वेच्या ऑफिसात. आमची गाठ पडली ती मे महिन्यातल्या लोकसंगीताच्या महोत्सवात. तेव्हा तो बूढ़ातालाबाजवळच्या एका मैदानावर व्हायचा. दिवसभर गरम वाऱ्याची लू चाललेली असायची, ऊन उतरलं की मैदानावर पाणी शिंपडायचे, सतरंज्या टाकायचे आणि गावोगावचे गाणारे येऊन बसायचे. दिवाकर डोक्याला ओला पंचा गुंडाळून यायचा, लू लागू नये म्हणून खिशात कांदा, हातात शेंगदाण्याची पुडी. पुडी माझ्या हातात द्यायचा आणि सगळे शेंगदाणे स्वतःच खायचा. एखादा गाणारा आवडला तर माझ्या मांडीवर इतक्या जोरात थाप मारायचा की घरी जाईपर्यंत हुळहुळायची. मला राग यायचा, पण त्या काळात त्याच्याशिवाय मी एकही मे महिना काढला नाही.

तिथेच समारू भेटला. जातीने राऊत, गुरं राखणारा, रायपूरपासून दोनेक तासांवरच्या गावचा. हे लोक बांस वाजवतात. बांस म्हणजे लांबलचक बासरीच, पण आवाज घोगरा, पोटातून आल्यासारखा. त्याचा चुलतभाऊ बांस वाजवायचा, समारू गवळ्यांच्या जुन्या कथा गायचा, आणि त्याच्या डाव्या बाजूला त्याचा थोरला भाऊ बसायचा. तो रागी. रागी दर ओळीनंतर 'हव' म्हणतो. हव म्हणजे हो. एवढंच त्याचं काम, पण तो जोवर 'हव' म्हणत नाही तोवर गाणारा पुढची ओळ घेत नाही. ऐकणाऱ्याने ऐकलं की नाही हे कळल्याशिवाय कथा पुढे न्यायची नाही, अशी त्यांची रीत.

एका वर्षी समारू आला तो भाऊ नसताना. हिवाळ्यात भाऊ वारला होता. समारू पहिली ओळ गायला आणि सवयीने डावीकडे वळला. तिथे कुणी नव्हतं. तो तसाच थांबला. बांस थांबला. मैदानावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली... आणि माझ्या शेजारून दिवाकर खच्चून ओरडला, "हव!" समारूने दचकून गर्दीत बघितलं, दुसरी ओळ घेतली. "हव!" तिसरी घेतली. शेवटी समारूने हात करून त्याला वर बोलावलं, आणि हा चष्मेवाला मराठी बाबू, डोक्यावर ओला पंचा तसाच, समारूच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसला. म्हशी हरवलेल्या एका गवळणीची कथा होती. दीड तास चालली. दिवाकरने एकही 'हव' चुकवला नाही, आणि गवळणीला म्हशी सापडल्या तेव्हा तो पंच्याने डोळे पुसत होता. परतताना मी म्हटलं, "काहून बे, रडून राहिला होता काय?" तर म्हणाला, "घाम होता." त्या दिवशी मला त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या सख्ख्या भावाचा वाटलेला नाही. थोडा हेवाही वाटला, तोही सांगून टाकतो.

नंतर दर वर्षी तेच. दिवाकर वर जाऊन बसल्याशिवाय समारू सुरूच करायचा नाही. कार्यक्रम ठरवणारे मात्र घड्याळ घेऊन यायचे, आवरा म्हणायचे, आणि आम्ही दोघं त्यांना येता-जाता शिव्या घालायचो. चहाच्या टपरीवर दिवाकर म्हणायचा, "हे लोक कथा कापतात म्हणजे माणसाले मधातून कापतात. माझ्या हातात असतं तर एकालेही उठवलं नसतं." मला हे शब्द न् शब्द पाठ आहेत, कारण पुढे मी ते त्याच्या तोंडावर फेकले.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंद झाले, लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, आणि महोत्सव मैदानावरून उठून मोठ्या वातानुकूलित सभागृहात गेला. नवी समिती झाली, तिच्यात स्थानिक जाणकार म्हणून दिवाकरला घेतलं. मला आनंदच झाला. वाटलं, आता आपला माणूस आत आहे. समारूने तोवर बाहेर गाणं जवळजवळ सोडलं होतं. दिवाकर म्हणाला, "तू जाऊन त्याले घेऊन ये. अर्धा तास त्याचा. कोणी घड्याळ दाखवलं तर मी बघतो. आणि मी बसतोच ना त्याच्या बाजूले! म्हणशील तर धोतर नेसून बसतो."

भर उन्हात स्कूटर काढून मी समारूच्या गावी गेलो. तो परछीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दोर वळत बसला होता. आधी नाहीच म्हणाला. मोठ्या सभागृहात आपलं काय काम, म्हणाला. मग विचारलं, "दिवाकर भैया बइठही न?" मी त्याच्याच बोलीत म्हटलं, "हव, बइठही. मोर जुबान हे." दिवाकर बसेल, माझा शब्द. तेव्हा कुठे तो तयार झाला.

त्या संध्याकाळी मी सहाव्या रांगेत कडेला बसलो होतो. समारू नवं धोतर नेसून, त्या गार फरशीवर अनवाणी, मंचावर आला. डाव्या बाजूला चटई अंथरलेली होती, रिकामी. दिवाकर पहिल्या रांगेत होता, सोफ्यावर, मंत्रीसाहेबांच्या शेजारी, छातीवर बिल्ला. मला वाटलं, आता उठेल. समारूने पहिली ओळ घेतली, बांस घुमला आणि थांबला. समारूने चटईकडे बघितलं, मग डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून दिव्यांच्या पलीकडे शोधू लागला. दिवाकर त्याला दिसला. स्पष्ट दिसला, कारण त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं... दिवाकरने मान खाली घातली आणि हातातला कार्यक्रमाचा कागद वाचायला लागला. समारूने तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा भूल गे का?" आणि लोक हसले. त्याने तिसऱ्यांदा तीच ओळ घेतली. मी दिवाकरच्या मानेकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, बोल, आता तरी बोल. तो बोलला नाही. त्याने विंगेकडे बघून हात हलवला, हळूच, माशी उडवल्यासारखा. निवेदक पुढे आला, टाळ्या मागितल्या. कुणीतरी समारूच्या खांद्यावर शाल घातली, मे महिन्यात. समारूने पहिल्या रांगेला हात जोडले आणि तो आत गेला.

बाहेर येऊन त्याने शाल घडी करून पिशवीत घातली आणि तो गाडीत बसला. मी काय बोलणार होतो! माझा शब्द दिला होता मी, आणि ज्याच्या जिवावर दिला त्याने तो सगळ्यांसमक्ष पायदळी तुडवला. कुणी परका असता तर चाललं असतं. हा माझा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचं घर गाठलं. वहिनींनी पोहे पुढे ठेवले, मी हातही लावला नाही. दिवाकर म्हणाला, "मंत्री बाजूले बसले होते बे. ऐनवेळी ते म्हणे इथंच बसा, माहिती सांगा. मी काय खुर्चीतून ओरडू?"

"ओरडायचंच होतं. इतकी वर्षं ओरडला ना!"

"तेव्हा मी कोण होतो? कोणीच नव्हतो. माणूस कोणीच नसला ना, तर ओरडू शकते. आता..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. मी त्याला टपरीवरचे त्याचे शब्द ऐकवले, कथा कापणं म्हणजे माणूस कापणं, सगळं. मी म्हटलं, "तू समारूले विकलं, अन् माझा शब्दही सोबत विकला," आणि पायऱ्या उतरलो. तेव्हापासून त्या घरात गेलो नाही. लग्नाकार्यात समोर आला तर मान हलवायचो. दर मे महिन्यात त्याच्याकडून महोत्सवाचं निमंत्रण यायचं, मी ते न उघडता बाजूला टाकायचो. विश्वासघात हा शब्द मी फार जपून वापरतो, पण त्याच्यासाठी वापरला. ज्याने ज्याने विचारलं त्याला सगळं सांगितलं, आणि सांगताना दर वेळी समारूची बाजू घेतली.

म्हणून हा लेख लिहायच्या आधी समारूकडे जावंसं वाटलं. बातमी सांगायची होती. खरं म्हणजे मनात असंही होतं की दिवाकरवर ज्याचा माझ्याइतकाच राग असेल असा एकच माणूस आहे, त्याच्याजवळ जरा बसावं. त्या संध्याकाळनंतर मी त्याच्या गावाकडे फिरकलो नव्हतो. कुठल्या तोंडाने जाणार, असं स्वतःला सांगत आलो.

समारू आता फार थकलाय, डोळ्यांनी अंधुक दिसतं. परछीत खाटेवर बसला होता. मी नाव सांगितलं, बातमी सांगितली. तो खाटेच्या कडेला सरकला. मग खाटेच्या डाव्या अंगाला भिंतीशी एक लाकडी पिढा, बसायचा पाट, होता, त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, "इहें बइठय." इथेच बसायचा.

मला कळेना. मी विचारलं, कोण? तेव्हा त्याने सांगितलं. त्या कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत दिवाकर आला होता. एकटा, बसने, डोक्याला पंचा बांधून. "माफी-वाफी नइ मांगिस. कहिस, चल, शुरू कर." माफी मागितली नाही, नुसतं सुरू कर म्हणाला. आणि या पिढ्यावर बसून त्याने गवळणीची ती अख्खी कथा ऐकली, ओळीओळीला हुंकार देत. नंतरही येत राहिला, कधी वर्षातून एकदा, कधी दोनदा. गेल्या दिवाळीनंतर आला तेव्हा दम लागत होता, तरी कथा संपेपर्यंत उठला नाही.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला संताप आला. इतकी वर्षं तो इथे येत होता आणि मला एका शब्दाने कळवलं नाही! मला शिव्या देत राहू दिलं. लग्नात समोर उभा राहून माझी हललेली मान बघत होता आणि बोलला नाही. दुसऱ्यांदा फसवलं त्याने मला, असंच वाटलं, आणि मी ते बोलूनही गेलो. म्हटलं, समारू, त्या दिवशी सगळ्यांसमोर तो गप्प बसला, ते तू कसं विसरलास?

समारूने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "ओ तो साहेब मन संग बइठे रिहिस," तो म्हणाला. "तुमन तो खाली बइठे रहेव, भैया. तुमन काबर नइ बोलेव?" तो साहेबांसोबत बसला होता. तुम्ही तर मोकळे होता. तुम्ही का नाही बोललात?

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. दिवाकरनेही नाही, त्या सकाळी तो सहज विचारू शकला असता. सहाव्या रांगेतून माझा आवाज मंचापर्यंत पोचला असता. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द कसा म्हणायचा हे मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून ऐकलं होतं. पण मी दिवाकरच्या मानेकडे बघत बसलो. तो चुकतोय हे सगळ्यांना दिसावं, असं मला वाटत होतं. समारू तिकडे तिसऱ्यांदा तीच ओळ गात होता आणि मला दिवाकरची फजिती पुरी व्हायला हवी होती.

हे समारूला सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मागे नीट ऐकू येत नव्हतं."

त्याने मान हलवली. मग सुनेला हाक मारली आणि पिढा उचलून आत ठेवायला सांगितलं.