ताईचा उजवा गाल

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती अमरावतीत चौथीच्या वर्गावर शिकवते, मी अकोल्याला नोकरीला. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गालात कळ सुरू झाली. दात घासताना, घास चावताना, कधी नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी करंट बसल्यासारखी कळ यायची आणि ती अर्ध्या शब्दावर थांबायची. सगळ्यांनी आधी दाढच धरली. दोन दाढा काढून झाल्या, कळ होती तिथंच. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, ही चेहऱ्याची नस आहे. गोळ्यांनी कमी होईल, पण कायमची जाईलच असं नाही.

ते ऐकल्यापासून माझा पाय एका जागी ठरेना. कुणी परतवाड्याचा वैद्य सांगितला, तिकडं नेलं. कुणी नागपूरचे डॉक्टर सांगितले, त्यांच्याकडं नेलं. दर शनिवारी अमरावती, आणि एरवी दिवसातून चारदा फोन : "आता कसं वाटते?" बोललं की तिला कळ येते, आणि मी तिला बोलायलाच लावतो, हे माझ्या ध्यानातच येत नव्हतं.

मागच्या थंडीत तिवशाला मावसभावाचं लग्न होतं. सकाळच्या एसटीत आमच्या सीटची काच अर्धीच सरकत होती. मी माझी बॅग खिडकीला लावून धरली, तरी फटीतून वारा आलाच. ताईनं समोरचा दांडा घट्ट पकडला, डोळे मिटले. शेजारच्या सीटवरची एक बाई कळवळून म्हणाली, "दाढ दुखत असन माय. लवंग धर दाताखाली."

"दाढ नाही दुखत तिची!" मी ओरडलो. "माहीत नाही तर सांगता कावून?"

अख्खी गाडी वळून पाहू लागली. त्या बाईनं मांडीवरची पिशवी जवळ ओढून घेतली.

तिवशाच्या स्टँडवर उतरलो. कळ ओसरली होती, पण ताई बोलली नाही. पर्समधून वही काढली, लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं : "तिनं मायेनं सांगतलं. तू कावून ओरडला? मले दुखते तवा मले तुलेच सांभाळा लागते."

मी दोनदा वाचलं. मग विचारलं, "मग मी करू तरी काय?"

तिनं खाली एवढंच लिहिलं : "माह्या बाजूले बस."

ती बाई तिथंच ऑटोची वाट पाहत उभी होती. मी जाऊन माफी मागितली. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं अन् म्हणाली, "जाऊ दे बाबू. आमच्या मालकायले कंबरेचं दुखनं हाये, दहा वर्सं झाले. मीबी अशीच खेकसते लोकायवर." मग ऑटो आला आणि ती गेली. लग्नात मी ताईसाठी पातळ वरण शोधत फिरत होतो, तेव्हाही डोक्यात तीच बाई.

आता मी फोन करत नाही, मेसेज टाकतो. उत्तर येतं एका शब्दाचं : "बरं", नाहीतर "नाई". वैद्य बंद केले. गोळ्या चालू आहेत, कळा कमी झाल्यात, गेलेल्या नाहीत. वर्गात ती फळ्यावर लिहिते आणि पोरं मोठ्यानं वाचतात. म्हणते, यंदाच्या पोरांचं वाचन चांगलं झालं.

गेल्या शनिवारी चहा पिताना तिला कळ आली. मी उठलो नाही. पाणी आणलं नाही, डॉक्टरांना फोन लावला नाही. नुसता पलंगावर तिच्या शेजारी बसून राहिलो. उठावंसं फार वाटत होतं. थोड्या वेळानं तिनं डोळे न उघडताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

"पाय हालवनं थांबव न," ती हळूच म्हणाली. "पलंग हालून राह्यला."